काखेंतील गांठ : तिचीं कारणें आणि तिची पारख



शरीराचे कांहीं भाग असे आहेत कीं, त्यांचें दुखणें आपण चारचौघांत मोकळेपणानें सांगतों. दाढ ठणकली, गुडघा धरला, पित्त उसळलें, तर घरच्यांनाच काय, शेजाऱ्यांनाही तें कळतें. काख मात्र या भागांत मोडत नाहीं. तेथें गांठ आली तर पुरुष ती अंगावर काढतात, आणि स्त्रिया पुष्कळदां ती कोणासही कळूं देत नाहींत. हा संकोच समजण्यासारखा आहे. परंतु त्याची किंमत कधीं कधीं फार मोठी पडते. काखेंतील बहुतेक गांठी निरुपद्रवी असतात व आठपंधरा दिवसांत जिरून जातात. थोड्या गांठी मात्र अशा असतात कीं, त्यांच्या बाबतींत कांहीं महिन्यांची दिरंगाई म्हणजे पुढील आयुष्यच पणास लावणें होय. या दोन प्रकारांतला फरक काय, आणि तो ओळखण्याची सामान्य माणसानें किती जबाबदारी घ्यावी, हें आज आपणांसमोर मांडावयाचें आहे.

प्रथम आपल्या भाषेकडे पाहूं. मराठींत काखेंतील गांठीसाठीं दोन जुने आणि नेमके शब्द आहेत. एक काखमांजरी व दुसरा अवधाण. काखमांजरी म्हणजे काखेंतच उठलेलें गळूं. अवधाण म्हणजे दुखणें दुसरीकडे असून त्याच्यामुळें काखेंत किंवा जांघेंत आलेली गांठ. पायाला ठेंच लागली आणि जांघेंत गांठ आली, हाताला कांटा बोचला आणि काखेंत गांठ आली, कीं आपल्याकडील वडील माणसें लगेच म्हणतात, ‘अवधाण आलें आहे, आधीं जखम पाहा.’ या एका वाक्यांत वैद्यकशास्त्राचा एक मोठा सिद्धांत सांठवलेला आहे. गांठ जेथें दिसते तेथेंच तिचें कारण असतें असें नाहीं. तें शोधण्यासाठीं वाट उलटी चालत जावी लागते.

ही वाट कोणती, तें सांगतों. आपल्या शरीरांत रक्तवाहिन्यांप्रमाणेंच दुसरें एक बारीक नळ्यांचें जाळें पसरलेलें आहे. रक्तांतून पाझरलेला पाण्यासारखा रस पेशींना न्हाऊं घालतो व पुढें या नळ्यांतून परत रक्ताकडे जातो. या रसास लसिका म्हणतात. तो परततांना जागोजागीं लहान लहान पिंडांतून गाळला जातो. पूर्वीं शहरांच्या वेशीवर जकातनाकीं असत व आंत येणारा माल तेथें तपासला जाई, तशीच या लसिकापिंडांची योजना आहे. रसाबरोबर जंतु आले, मृत पेशी आल्या किंवा कोणताही परका पदार्थ आला, तर तो येथें अडविला जातो. नाक्यावर झटापट सुरू झाली कीं पिंडांतील पांढऱ्या पेशींची संख्या झपाट्यानें वाढते, पिंड सुजतो, आणि एरवीं बोटाला न लागणारी ती गोष्ट गांठ म्हणून हातास लागते.

एकेका काखेंत असे साधारण वीस ते तीस पिंड, कोणास त्याहून अधिकही, चरबीच्या गादींत दडलेले असतात. त्यांच्याकडे रस कोठून येतो, हें नीट लक्षांत ठेवावें. संपूर्ण हात, बोटांच्या टोकांपासून खांद्यापर्यंत, छातीची व पाठीची वरची बाजू, खालीं जवळजवळ बेंबीच्या रेषेपर्यंतची कातडी, आणि स्तन. स्तनांतील लसिकेचा सुमारें तीन चतुर्थांश भाग त्याच बाजूच्या काखेकडे वाहतो. म्हणजे उजव्या काखेंत गांठ आली तर उजवा हात, उजवी पाठ, छाती आणि उजवा स्तन इतका मुलूख तपासल्याशिवाय तिचा खुलासा झाला असें म्हणतां येत नाहीं. ‘काखेंत कळसा आणि गांवाला वळसा’ अशी आपली एक म्हण आहे. काखेंतील गांठीच्या बाबतींत ती उलटी करावी लागते. कळसा काखेंतच दिसतो खरा, पण गांवाला वळसा घातल्यावांचून तो कोणी आणून ठेवला हें कळत नाहीं.

रत्नागिरीसारख्या जिल्ह्यांत अवधाणाचीं कारणें शोधावयास फार लांब जावें लागत नाहीं. येथील माणसाच्या हाताला स्वस्थता नाहीं. खडकावरचीं कालवें फोडतांना शिंपल्याची धार लागते, जाळें सोडवितांना माशाचा कांटा रुततो, करवंदीच्या जाळींत हात ओरबडतो, लावणीच्या दिवसांत चिखलांत बोटांच्या बेचक्यांत कातडी कुजते. आंब्याचा चीक आणि काजूच्या टरफलांतील तेल, हीं दोन्ही कातडी भाजून काढणारीं आहेत. अशा भाजलेल्या जागीं जंतूंना दार उघडेंच मिळतें. दुसऱ्या तिसऱ्या दिवशीं काखेंत दुखरी, दाबल्यावर थोडी हलणारी, बोराएवढी गांठ लागते. कधीं मनगटापासून वर जाणारी तांबडी रेघही दिसते. ही रेघ म्हणजे लसिकेच्या नळीचाच दाह. ती दिसतांच वाट न पाहतां डॉक्टरांकडे जावें, कारण जंतु रक्तापर्यंत पोहोंचण्याच्या बेतांत आहेत अशी ती सूचना आहे. एरवीं जखम स्वच्छ केली, रुतलेला कांटा काढला, लागेल तें औषध घेतलें, कीं गांठ ओसरूं लागते. ती पूर्ण जिरण्यास मात्र दोनतीन आठवडेही लागतात. जखम भरून गेल्यावरही गांठ थोडी उरली, तर ती लहान होत आहे ना, एवढेंच पाहावें.

मांजरानें ओरखडल्यावरही काखेंत गांठ येते, हें ऐकून आपणांस गंमत वाटेल. काखमांजरी या शब्दाशीं तिचा संबंध आहे असें माझें म्हणणें नाहीं. पण मांजराच्या, विशेषतः पिलांच्या, नखांतून बार्टोनेला नांवाचे जंतु शरीरांत शिरतात, ओरखड्याच्या जागीं बारीक पुटकुळी उठते, आणि एकदोन आठवड्यांनीं त्या हाताच्या काखेंत मोठी व दुखरी गांठ येते. ती बहुधा आपोआप बरी होते, जरी त्यास कांहीं आठवडे किंवा महिने लागले तरी. डॉक्टर जेव्हां ‘घरांत मांजर आहे का?’ असें विचारतात, तेव्हां तो प्रश्न अवांतर समजूं नये.

आतां खुद्द काखमांजरीकडे वळूं. काखेंत केंस आहेत, घामाच्या मोठ्या ग्रंथी आहेत, ओल आहे, आणि दिवसभर घर्षण आहे. केंसाच्या मुळाशीं जंतु शिरले कीं गळूं उठतें. कातडी तांबडी होते, ठणका लागतो, गांठ वर येऊन तिला तोंड पडतें. हें दुखणें तापदायक असलें तरी त्यांत गूढ कांहीं नाहीं. ऊन पाण्याच्या फडक्यानें शेंक द्यावा. पिळूं नये, टोचूं नये. बिब्बा लावणें, डाग देणें हे उपाय तर कटाक्षानें टाळावे. त्यानें कातडी जळते आणि आंतला पू आंतच राहतो. पू झाला असेल तर डॉक्टरानें स्वच्छ शस्त्रानें वाट करून देणें हाच खरा उपाय होय. वारंवार गळवें होत असतील तर रक्तांतील साखर तपासून घ्यावी; मधुमेहाची पहिली वर्दी कित्येकांना अशा गळवांतूनच मिळाली आहे.

कांहीं माणसांना, त्यांतही तरुण स्त्रियांना, काखेंत व जांघेंत अशा गांठी पुन्हा पुन्हा येतात, फुटतात, व्रण ठेवून जातात आणि शेजारीं नव्या उठतात. केंसाच्या मुळांचीं तोंडें बंद होऊन आंतल्या आंत दाह होण्याचा हा एक स्वतंत्र व चिवट रोग आहे. धूम्रपान आणि स्थूलता यांचा त्याच्याशीं संबंध दिसून आला आहे. तो अस्वच्छतेनें होत नाहीं आणि एकापासून दुसऱ्यास लागत नाहीं. हें मुद्दाम सांगतों, कारण असे रुग्ण वर्षानुवर्षें स्वतःस दोष देत बसतात. त्वचारोगतज्ज्ञांकडे यावर आज पूर्वींपेक्षां पुष्कळ चांगले उपाय आहेत.

लहान मुलांच्या आयांना एक गोष्ट सांगावयाची आहे. नवजात बालकास क्षयाविरुद्ध बी.सी.जी. ही लस डाव्या दंडावर टोंचतात. त्यानंतर कांहीं आठवड्यांनीं किंवा महिन्यांनीं बाळाच्या डाव्या काखेंत लहानशी गांठ लागली, तर घाबरूं नये. लशींतील दुबळे केलेले जंतु नाक्यावर अडविले गेले, असा तिचा अर्थ. बाळ खेळतें आहे, दूध पितें आहे, गांठ लहान आहे, तर तिला बहुधा कांहींच करावें लागत नाहीं. ती मोठी होऊं लागली, मऊ पडून वरची कातडी तांबडी झाली, किंवा बाळाचें वजन वाढेनासें झालें, तर मात्र दाखवावी. प्रौढांनाही हा अनुभव अलीकडे आला. २०२१ सालीं कोरोनाची लस कोट्यवधि लोकांनीं दंडावर घेतली, आणि त्यांतील कित्येकांच्या त्याच बाजूच्या काखेंत गांठी आल्या. त्या आपोआप जिरल्या. पण मध्यंतरीं स्तनांचे क्ष-किरण काढणाऱ्या डॉक्टरांना ‘लस कोणत्या हाताला घेतली?’ असें विचारण्याची पाळी आली.

हें सगळें सौम्य झालें. परंतु काखेंतील गांठ म्हणतांच ज्या एका रोगानें महाराष्ट्राच्या उरांत धडकी भरविली होती, त्याचा उल्लेख केल्यावांचून पुढें जातां येणार नाहीं. सुश्रुतसंहितेंत क्षुद्ररोगांच्या प्रकरणांत काखेशीं संबंध असलेली, तीव्र ज्वर आणणारी आणि थोड्या दिवसांत प्राण घेणारी अग्निरोहिणी वर्णिलेली आहे. कांहीं अभ्यासकांनीं ती प्लेगच असावी असा तर्क केला. तें कांहींही असो. १८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईच्या मांडवी भागांत डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनीं तापाच्या रोग्यांच्या अंगावरील गांठी पाहून हा प्लेग असल्याचें ओळखलें, आणि तेथून पुढें ‘गांठ’ हा शब्दच भयाचा झाला. लोक मुंबई सोडून आपापल्या गांवीं पळूं लागले. कोंकणास तेव्हां रेल्वे नव्हती; माणसांची वाट समुद्रानें होती, आणि त्याच वाटेनें भयही किनाऱ्यावर उतरलें.

प्लेगची गांठ हीही मुळांत अवधाणच, हें विशेष आहे. उंदरावरील पिसू माणसास चावते, जंतु कातडींत शिरतात, आणि जवळच्या नाक्यावर अडतात. पिसू बहुधा पायाला चावते, म्हणून गांठ अधिक करून जांघेंत येते. हाताला चावली तर ती काखेंत येते. जंतूचा शोध १८९४ सालीं हाँगकाँगला येरसँ यांनीं लावला, आणि पिसवेचें अंग १८९८ सालीं सिमाँ यांनीं कराचीस दाखविलें. मधल्या काळांत, १० जानेवारी १८९७ रोजीं, वाल्देमार हाफकिन यांनीं मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजांतील प्रयोगशाळेंत तयार केलेली लस प्रथम स्वतःच्या शरीरांत टोंचून घेतली. परळची हाफकिन संस्था आजही त्यांचें नांव चालविते. त्याच वर्षीं १० मार्च रोजीं सावित्रीबाई फुले पुण्याजवळ प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करतांना त्याच रोगानें वारल्या.

पुण्यांत त्या वर्षीं जें घडलें, तें आपल्या आजच्या विषयाशीं फार जवळचें आहे. प्लेग शोधण्यासाठीं गोऱ्या शिपायांकडून घरांची झडती घेण्यांत आली. रोग ओळखण्याची खूण म्हणजे काखेंतील व जांघेंतील गांठ. म्हणून माणसांच्या, स्त्रियांच्याही, अंगाची तपासणी उघड्यावर आणि लोकांच्या संतापास न जुमानतां झाली. २२ जून १८९७ च्या रात्रीं रँडवर गोळी झाडली गेली ती या संतापांतून. ज्यांचा जन्म १८५६ सालीं याच रत्नागिरींत झाला, त्या लोकमान्य टिळकांना ‘केसरी’तील लेखांबद्दल त्याच वर्षीं राजद्रोहाच्या आरोपावरून अठरा महिन्यांची शिक्षा झाली. तपासणी शास्त्रदृष्ट्या चूक नव्हती. चूक होती ती संमतीवांचून आणि मर्यादेवांचून ती करण्यांत. माणसाची लाज राखल्याशिवाय त्याचा रोग शोधतां येत नाहीं, हा धडा त्या एका वर्षानें शिकविला. पुढें १९२४ सालीं रत्नागिरींत प्लेग उद्भवला, तेव्हां येथें स्थानबद्ध असलेल्या विनायक दामोदर सावरकरांना कांहीं काळ नाशिकास राहण्याची परवानगी द्यावी लागली होती. शेवटचा मोठा धक्का आपल्याकडे १९९४ सालीं बसला. बीड जिल्ह्यांतील मामला गांवीं गांठी व ताप यांचे रुग्ण आढळले आणि पाठोपाठ सुरतेंत घबराट उडाली. आज स्ट्रेप्टोमायसिनसारखीं औषधें हाताशीं असल्यामुळें वेळेवर ओळखलेला प्लेग बरा होतो. तरी एक नियम कायम आहे. मोठा ताप आणि अतिशय दुखरी गांठ एकदम आलीं, तर तो दिवस घरीं काढूं नये.

ताप आणि काख यांचा आणखी एक संबंध पावसाळ्यांत आठवावा. गवतांत व झुडपांत राहणाऱ्या सूक्ष्म किड्यांच्या चाव्यानें स्क्रब टायफस नांवाचा ताप येतो. २०१८ सालीं विदर्भांत त्याचे पुष्कळ रुग्ण सांपडले. किडा चावल्याच्या जागीं विडीनें भाजल्यासारखा काळा, न दुखणारा डाग पडतो, आणि हा डाग बहुधा काखेंत, जांघेंत किंवा छातीखालीं, म्हणजे माणूस जेथें पाहत नाहीं तेथेंच, असतो. शेजारच्या गांठी सुजतात. योग्य औषध वेळेवर मिळालें तर दोन दिवसांत ताप उतरूं लागतो. न मिळालें तर प्राणावर बेतूं शकतें. तापाच्या रोग्यानें डॉक्टरांस काख दाखविण्याचा संकोच केला, तर निदानाची मुख्य खूणच झांकली जाते.

क्षयाची गांठ याहून संथ. आपल्याकडे ती गळ्याला अधिक येते, आणि जुन्या लोकांनीं तिला गंडमाळ म्हटलें. पण काखेंतही येते. ती फारशी दुखत नाहीं, महिनोन् महिने वाढते, एकास एक चिकटून घोंस होतो, मग मऊ पडून फुटते आणि वाहत राहते. संध्याकाळचा बारीक ताप, वजन घटणें, भूक मंदावणें हीं तिच्या सोबतीस असूं शकतात, नसूंही शकतात. छातींत क्षय नसतांनाही गांठीचा क्षय असतो. याचें औषध साधारण सहा महिने चालतें, सरकारी दवाखान्यांत मोफत मिळतें, आणि अर्ध्यावर न सोडल्यास रोगी बरा होतो.

कांहीं गांठी लसिकापिंडांच्या नसतातच. मऊ, कातडीखालीं सरकणारी, वर्षानुवर्षें तेवढीच राहणारी ती चरबीची गांठ. कातडीशीं जोडलेली, मध्यभागीं काळा ठिपका असलेली ती त्वचेच्या आवरणाची पिशवी. स्त्रियांत आणखी एक प्रकार आहे. गर्भावस्थेंत स्तनांची रचना काखेपासून जांघेपर्यंतच्या एका रेषेवर होऊं लागते व पुढें दोनच जागा सोडून ती नाहींशी होते. कोणाच्या काखेंत तिचा थोडा भाग उरतो. एरवीं तो कळत नाहीं. गरोदरपणांत किंवा बाळंतपणानंतर दुधाच्या दिवसांत तो सुजतो, दुखतो, आणि नवी आई घाबरून जाते. हा स्तनाचाच चुकार भाग असून तो बहुधा त्रास देत नाहीं. तरी इतर स्तनास जे रोग होतात ते त्यासही होऊं शकतात, म्हणून एकदां दाखवून खात्री करून घ्यावी.

आतां ज्या गांठीसाठीं हें सर्व विवेचन मुख्यतः केलें, तिच्याकडे येऊं. सामान्य माणसाची समजूत अशी कीं, जी दुखते ती वाईट आणि जी दुखत नाहीं ती निरुपद्रवी. काखेच्या बाबतींत हें जवळजवळ उलटें आहे. दुखणारी, अचानक आलेली गांठ ही बहुधा जंतुसंसर्गाची; तिला शरीर झुंज देत आहे. कठीण, न दुखणारी, आधाराला चिकटल्यासारखी न हलणारी, आणि आठवड्यागणिक हळूहळू वाढणारी गांठ, हिच्याविषयीं मात्र कर्करोगाचा संशय घ्यावा लागतो. लसिकापिंडांचाच कर्करोग असेल तर इतर जागींही गांठी असतात, रात्रीं अंथरूण भिजेल इतका घाम येतो, वजन उतरतें. हा ऐकावयास भयंकर वाटला तरी त्याचे पुष्कळ प्रकार आज औषधांनीं बरे होतात. परंतु स्त्रीच्या काखेंतील अशी गांठ पुष्कळदां त्याच बाजूच्या स्तनांतील रोगाची पहिली खूण असते. क्वचित् स्तनांत हाताला कांहींच लागत नाहीं आणि काखेंत मात्र लागतें. पुरुषांनीं हें आपल्यासाठीं नव्हे असें समजूं नये. स्तनाच्या कर्करोगाच्या शंभर रोग्यांत साधारण एक पुरुष असतो, आणि त्याला उशीर अधिक होतो, कारण त्याच्या मनांत ही शंकाच येत नाहीं.

उशिराचा प्रश्न किती मोठा आहे, हें मुंबईच्या एका दीर्घ प्रयोगानें दाखवून दिलें. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयानें १९९८ सालीं मुंबईच्या वस्त्यांतील ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखांहून अधिक स्त्रियांना घेऊन हें काम आरंभिलें. निम्म्यांचे स्तन व काखा शिकविलेल्या आरोग्यसेविकांनीं दर दोन वर्षांनीं हातानें तपासल्या; यंत्र नाहीं, क्ष-किरण नाहीं. वीस वर्षांच्या अवलोकनानंतर २०२१ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला. तपासलेल्या गटांत ज्यांना कर्करोग निघाला, त्यांतील पुढच्या टप्प्याला पोहोंचलेल्यांचें प्रमाण शेंकडा ३७ होतें. न तपासलेल्यांत तें ४७ होतें. पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत या रोगाचे मृत्यु जवळजवळ शेंकडा ३० नीं घटले. त्याहून लहान वयांत मृत्यूंत तशी घट दिसली नाहीं. याचा सरळ अर्थ असा कीं, शिकलेला हात आणि ठरलेली वेळ एवढ्यानेंही जीव वांचतात. आपल्या जिल्ह्यांतही डेरवण येथील वालावलकर रुग्णालयांत टाटा केंद्राच्या सहकार्यानें कर्करोगाची नोंद व उपचार यांचें काम उभें राहिलें आहे. पूर्वीं प्रत्येक संशयासाठीं मुंबईची वाट धरावी लागे, तशी ती आतां लागत नाहीं.

घरीं तपासावयाचें कसें, तेंही सांगतों. हात उंच करूं नये; उंच केल्यानें स्नायु ताणतात व गांठ लपते. हात कमरेवर किंवा टेबलावर सैल ठेवावा, दुसऱ्या हाताचीं बोटें सपाट धरून काखेच्या अगदीं वरच्या टोकापर्यंत न्यावीं, आणि छातीच्या भिंतीवर हलकेंच दाबत खालीं आणावीं. मग दुसरी बाजू तशीच पाहावी, कारण दोन्ही बाजूंची तुलना हाच सर्वांत चांगला मापदंड होय. स्त्रियांनीं त्याच वेळीं स्तनही तपासावे. दररोज चांचपून मात्र पाहूं नये. दाबून दाबून निरोगी पिंडही दुखरा होतो आणि मन अधिक अस्वस्थ होतें.

डॉक्टरांकडे केव्हां जावें? मोठा ताप, तांबडी रेघ किंवा असह्य ठणका असेल तर त्याच दिवशीं. हाताला जखम आहे, गांठ दुखरी आहे आणि प्रकृति एरवीं बरी आहे, तर जखमेची व्यवस्था करून दोन आठवडे पाहावें. तोंवर गांठ लहान होऊं लागली नाहीं तर जावें. कठीण व न दुखणारी गांठ असेल, स्तनांत कांहीं लागत असेल, वजन उतरत असेल, तर दोन आठवड्यांचीही सवलत घेऊं नये. डॉक्टर प्रथम हातानें तपासतील, मग बहुधा सोनोग्राफी व चाळिशीपुढील स्त्रियांची मॅमोग्राफी करवितील, आणि जरूर वाटल्यास बारीक सुईनें गांठींतील पेशी काढून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहतील. या सुईविषयीं आपल्या समाजांत एक समजूत घट्ट रुतून बसली आहे कीं, सुई लावली म्हणजे रोग पसरतो. ती खरी नाहीं. सुई लावल्यानंतर रोग वाढलेला दिसतो तो सुईमुळें नव्हे, तर सुई लावण्यास झालेल्या उशिरामुळें.

तपासणीच्या वेळीं स्त्रीनें घरच्या बाईमाणसास सोबत न्यावें, तशी सोय दवाखान्यानें न मागतां करावी, आणि काय तपासणार व कां, हें डॉक्टरानें आधीं सांगावें. १८९७ सालीं काखेवर हात पडला तो शिपायाचा होता. आज पडावयाचा तो आपण स्वतः बोलाविलेल्या वैद्याचा आहे. या दोहोंत जमीन-अस्मानाचें अंतर आहे. घरांतील कर्त्या माणसांनींही एवढें करावें कीं, आई, बहीण किंवा पत्नी ‘मला येथें कांहीं लागतें आहे’ असें म्हणाली, तर तें वाक्य सणवार, परीक्षा किंवा आंब्याचा हंगाम आटोपेपर्यंत पुढें ढकलूं नये. दहांपैकीं बहुतेक वेळां डॉक्टर ‘कांहीं नाहीं’ असें सांगून परत पाठवितील. ती फेरी वायां गेली असें समजूं नये. तिनें एका घराची झोंप परत मिळते. आणि ज्या एखाद्या वेळीं तें उत्तर निराळें असेल, त्या वेळीं लवकर गेल्याचा उपयोग होईल.